पडद्यांची पोच

"आलीच आहेस तर पडदे घेऊन जा."

साहेब एवढंच म्हणाले. मी त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात उभी होते. अंगावर ठेवणीतली साडी, हातात कोर्टाची फाइल, पाय अनवाणी. चपला गेटपाशीच काढायला लावल्या होत्या. साहेबांच्या पायांत मात्र होत्या. मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाशी बोलतायत. मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त चपलांचं कपाट होतं.

"अगं, तुलाच सांगतोय. धुणंच करायचीस ना तू? हॉलचे सहा आहेत. पावसाने बुरशी आलीय. पुढच्या शनिवारी घेऊन ये, तेव्हा तुझा अहवालही बघू."

मी फाइल काखेत दाबली आणि स्टुलावर चढले. हुक सोडवायला लागले. पडदे अस्तराचे, जड. तिसरा पडदा सोडवताना फाइल निसटली आणि पंख्याच्या वाऱ्याने माझे कागद हॉलभर झाले. मी खाली उतरून गुडघ्यांवर बसून ते गोळा केले. साहेब चहा पीत होते.

"तो सोफ्याखालचा राहिला," ते म्हणाले. पायाने दाखवलं.

त्या कागदावर माझं नाव होतं.

हे साहेब माझे मालक नव्हते. कोर्टाने नेमलेले वकील होते. रिसीव्हर म्हणतात. माणसाला कोर्टाने नादार ठरवलं की त्याचं जे काही असेल ते रिसीव्हरच्या ताब्यात जातं. त्याने ते विकायचं, ज्यांचं देणं आहे त्यांना वाटायचं आणि शेवटी अहवाल लिहायचा. या बाईने सगळं हवाली केलं, काही लपवलं नाही, हिला मोकळं करायला हरकत नाही. चार ओळी. त्या चार ओळींसाठी मी चौदा महिने हेलपाटे घातले.

नादार मी कशी झाले ते थोडक्यात सांगते. लोणावळ्यात माझी लाँड्री होती. दोन मोठी मशिनं, एक ड्रायर, एक टेम्पो, आणि आमच्या वस्तीतल्या चार बायका. बंगल्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल आम्ही धुवायचो. मग करोनाची ती दोन वर्षं आली. सगळं बंद. लोणावळ्यात चादर मळवायला कुणी आलंच नाही. नंतर उघडलं तोवर मी कर्जात बुडाले होते. मी पळाले नाही. स्वतःहून कोर्टात गेले आणि सांगितलं, एवढं आहे माझ्याकडे, घ्या. मशिनं गेली. टेम्पो गेला. इस्त्रीची टेबलं गेली, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा यादीत लिहून नेल्या. राहिलं ते चलनबुक, कार्बनचं. ते लिलावात कुणी घेतलं नाही.

गावात माझ्या नावापुढे तो शब्द लागला. आधीची एक जात होतीच. त्यावर ही दुसरी चढली. दुकानात गेले की म्हातारी माणसं एकमेकांना सांगायची, "ती नादार गं, नवबौद्धांची." किती सहज. जणू आडनावच.

कोर्टाने मला तीन वर्षांच्या आत मुक्ततेचा अर्ज करायला सांगितलं होतं. तो त्याआधीही करता येतो. मी पहिलं वर्ष संपता संपता केला. मला घाई होती आणि घाईचं कारण होतं. आमची ग्रामपंचायतीची निवडणूक येत होती, आमचा वॉर्ड आमच्यातल्या बाईसाठी राखीव पडला होता, आणि नादार माणसाला पंचायतीत बसता येत नाही.

सदस्य होऊन मला मिरवायचं नव्हतं. आमच्या वस्तीतून मसणवट्याकडे जाणारी निम्मी वाट बंगल्यांच्या कंपाउंडने खाल्ली. आधी तारा आल्या, मग भिंत. पंचायतीने ना हरकत दिली, तेव्हा आमचं कुणी तिथे बसलेलं नव्हतं. माझा बाप गेला तेव्हा त्याची तिरडी आम्ही हायवेच्या कडेने वळसा घालून नेली. सहलीच्या बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. एकाने मोबाइल काढला. आता राहिलेल्या निम्म्या वाटेवरही भिंत यायची होती. तो कागद पंचायतीपुढे येईल तेव्हा मला खुर्चीत बसून नाही म्हणायचं होतं.

म्हणून मला चार ओळी हव्या होत्या, उमेदवारी अर्ज भरायच्या आत.

साहेबांचं ऑफिस पुण्यात. तिसरा मजला. तिथला कारकून मला बघितलं की रजिस्टरमध्ये डोकं घालायचा. पहिल्यांदा म्हणाला, फाइल साहेबांच्या घरी आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, लिलावाच्या यादीची झेरॉक्स फिकट आहे, नवी आणा. नवी नेली तर म्हणाला, मूळ कागद दाखवावे लागतील. मूळ कागद नेले तर म्हणाला, "साहेब शनिवार-रविवार लोणावळ्याला असतात. तुम्ही तिथल्याच ना? मग इथे कशाला येता? तिथेच भेटा त्यांना."

मला तो देवमाणूस वाटला. घराजवळ काम होणार म्हणून मी त्याला हात जोडले.

तो पहिला शनिवार म्हणजे पडद्यांचा. त्या दिवशी मी मूळ कागद साहेबांच्या हातात दिले. लिलावाची यादी, मशिनांच्या पावत्या, माझं प्रतिज्ञापत्र. पोच मागितली नाही.

ही चूक माझी. पण ती कुठून आली तेही सांगते. माझ्या आईने तीस वर्षं बंगल्यांत भांडी घासली. ती मला लहानपणापासून सांगायची, "मोट्या मान्सांकडं पोच मागायची न्हाई. त्यांना वाटतं आपून त्यांला चोर म्हनतोय." पगार राहिला तरी ती मागायची नाही. आठवण करून द्यायची तीही झाडू मारता मारता, जमिनीकडे बघत. हे माझ्या अंगात मुरलं होतं. दहा वर्षं धंदा केला तरी गेलं नाही.

आणि बघा, त्याच वेळी दुसरी एक सवय होती. लाँड्रीची. कपडा ताब्यात घेताना चलन फाडायचं. किती नग, कसले, तारीख, देणाऱ्याची सही. आणि डाग. डाग आधी लिहून घ्यायचा, कुठे आहे, कसला आहे. कारण न लिहिलेला डाग धुणारीच्या नावावर जातो. नव्या बाईला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

त्यामुळे त्या पहिल्या शनिवारी पडद्यांचं गाठोडं घेऊन गेटपाशी आल्यावर माझा हात आपोआप पिशवीतल्या चलनबुकाकडे गेला. 'पडदे सहा, अस्तरासकट. दोनवर बुरशी, आधीची.' बंगल्याचा वॉचमन सोपानभाऊ, लोहगडवाडीचा, साठीचा माणूस. लाँड्री होती तेव्हापासून या बंगल्याच्या सगळ्या चलनांवर तोच सही करायचा. त्याने केली. मग हळूच विचारलं, "पोरी, तुज्या कागदांचं झालं का?"

"हुईल," मी म्हणाले.

पडदे मी घरी न्हाणीत पायाने तुडवून धुतले. मशिन कुठलं आता. आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "दे धुऊन गुमान. त्याच्या सहीवर अडलंय आपलं." नवरा तळेगावच्या कंपनीत कंत्राटावर. तोही म्हणाला, "पडदेच तर आहेत."

पडद्यांवर थांबलं नाही. पुढच्या शनिवारी सोफ्याची कव्हरं. मग गाद्यांच्या खोळी. मग ब्लँकेटं. एका शनिवारी साहेबांच्या पाहुण्यांनी ओकून ठेवलेल्या चादरी, ज्या कामवालीने हात लावायला नकार दिला होता. त्या मी नेल्या. कामवालीला नाही म्हणता आलं. मला आलं नाही. तिचा त्यांच्याशी फक्त पगाराचा संबंध होता, माझं अख्खं नाव त्यांच्या खिशात होतं.

दर वेळी मी अहवालाचं विचारायचे. दर वेळी साहेब म्हणायचे, "चाललंय गं. घाईत लिहिलं तर तुझंच नुकसान."

अर्ज भरायला आठवडा राहिला होता. शनिवार होता, दुपार. बंगल्यावर दहाबारा माणसं जेवायला आलेली. मी ब्लँकेटं परत घेऊन गेले होते. साहेबांनी मला व्हरांड्यातून आत बोलावलं. मला बरं वाटलं. वाटलं, अहवाल देतायत.

त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "ही आमची नादार."

कुणाला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, हातात ग्लास धरून, चवीने. हिचं सगळं कोर्टाने माझ्या ताब्यात दिलं. मशिनं विकली, टेम्पो विकला, दोऱ्यासुद्धा विकल्या. "आता हीच उरलीय. हिचा काय भाव येईल?"

सगळे हसले. एका बाईने "अहो, काहीतरीच तुमचं" असं म्हणत हसू रुमालात दाबलं. एकाने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

आणि मीही हसले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही. त्यांनी मला विकायला काढलं आणि मी दात दाखवले. का, तर चार ओळी पाहिजे होत्या. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो आणि मला स्वतःची किळस येते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रडले असते तरी चाललं असतं. मी हसले. बायका म्हणतात, अपमान गिळला. मी तो चघळून, चव घेतल्यासारखं करून गिळला.

निघताना त्यांनी पुन्हा सहा पडदे काढायला लावले. सकाळपासून चाललेल्या पार्टीत चारांवर वाइन सांडली होती. गेटवर मी चलन लिहिलं, 'पडदे सहा. चारांवर दारूचे डाग, आधीचे.' सोपानभाऊने सगळं ऐकलं होतं. सही करून चलनबुक त्याने माझ्याकडे सरकवलं. वर बघितलं नाही.

तीन दिवसांनी कोर्टात तारीख होती. अहवाल आला होता. मी कोर्टातच पहिल्यांदा तो वाचला. एक पान. नादार व्यक्तीने वारंवार सूचना देऊनही मूळ कागदपत्रे सादर केली नाहीत. पुढील तारखांना तपासणीसाठी बोलावले असता ती हजर राहिली नाही. खाली तारखा. सात.

मी बोटांवर मोजलं. सातही शनिवार.

कागद दिले नाहीत असं का लिहिलं, ते मला तेव्हा समजलं नाही. नंतर एका जुन्या वकिलाने सांगितलं, कागद त्यांच्या हातून हरवले असतील, किंवा फाइल उघडलीच नसेल, आणि कोर्टाने विचारलं म्हणून दोष तुझ्यावर ढकलला. एवढं साधं. माझ्याबद्दल त्यांच्या मनात वैरसुद्धा नव्हतं. वैर धरण्याइतकी माझी किंमत नव्हती.

न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "कागद दिल्याची पोच आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

पुढची तारीख दीड महिन्यानंतरची पडली.

तरी मी उमेदवारी अर्ज भरला. छाननीला तहसीलला गेले. माजी सरपंचाच्या माणसाने उठून आक्षेप घेतला. माझ्या नादारीच्या हुकमाची प्रत त्याच्याकडे तयार होती, स्वच्छ झेरॉक्स, सही-शिक्क्याची. मला चौदा महिन्यांत कागद मिळेना, त्याला कसा मिळाला देव जाणे. अधिकाऱ्याने विचारलं, मुक्ततेचा हुकूम आहे का? मी म्हणाले, प्रलंबित आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "सोताचं घर सांबाळता येईना आन् गाव सांबाळायला निगाली." अर्ज बाद. आमच्या वॉर्डात माजी सरपंचाच्या शेतावर खुरपायला जाणारी आमचीच एक बाई बिनविरोध आली. तिला दोष देत नाही. तिच्याकडून सह्या कोण करून घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

घरी आले. न्हाणीत ते पडदे भिजत न घालता तसेच गाठोड्यात पडले होते. वाइनचा आंबूस वास सुटला होता. मी पिशवी उपडी केली, काहीतरी शोधत होते, छाननीचा कागद बहुतेक. चलनबुक खाली पडलं.

मी ते उघडलं आणि बसले.

कार्बनच्या निळ्या अक्षरात सगळं होतं. पहिला शनिवार, पडदे सहा, दोनवर बुरशी. दुसरा शनिवार, कव्हरं. ओकलेल्या चादरी, 'उलटीचे डाग, आधीचे'. प्रत्येकावर तारीख, बंगल्याचं नाव, खाली 'सोपान'. अहवाल काढून शेजारी ठेवला. एकेक तारीख लावली. ज्या सात दिवशी मी हजर राहिले नाही, त्या सातही दिवशी मी त्यांच्या घरातलं घाणेरडं धुणं उचलून नेलं होतं.

त्यांच्या पडद्यांची पोच माझ्याकडे होती. माझ्या कागदांची नव्हती. त्यांचा डाग मी लिहून ठेवला होता, आणि माझ्या अंगावर त्यांनी टाकलेला डाग लिहायला मी विसरले होते. मला स्वतःचा राग आला. मग तो राग वळला, आणि जिकडे जायला पाहिजे होता तिकडे गेला.

आई म्हणाली, "काय झालं?"

"आयं, तू मला चुकीचं शिकवलंस," मी म्हणाले.

तिला कळलं असावं.

शुक्रवारी साहेबांचा फोन. "उद्या पाहुणे येतायत, पडदे सकाळीच आण. तुझं ते अहवालाचं मनावर घेऊ नकोस, पुढच्या तारखेला दुरुस्त करून देतो."

शनिवारी मी गेले. रिक्षात गाठोडं, पिशवीत चलनबुक. गेटवर सोपानभाऊने माझ्या पायांकडे बघितलं. मी चपला काढल्या नव्हत्या. त्याने गेट उघडलं.

व्हरांड्यात गाठोडं सोडलं. वास आला तसे साहेब बाहेर आले.

"हे काय? धुतले नाहीस?"

इतके दिवस मी त्यांच्याशी पुस्तकातलं बोलायचे, साहेब, कृपया, आपण. त्या दिवशी माझ्या तोंडात माझंच बोलणं आलं.

"न्हाई धुतले. मोजून घ्या. सा हायेत. चारांवर दारूचे डाग, आदीचे. हितं सही करा."

"मी सही करू? धुण्याच्या चिठ्ठीवर?"

"व्हय. घेनाऱ्याची आसती."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांचा चेहरा बदलला. आवाज खाली आणून म्हणाले, "तुला मोकळं व्हायचंय की नाही? माझ्या अहवालाशिवाय जन्मभर नादार राहशील."

"राहीन," मी म्हणाले. "नादार आसंन मी. तुमची न्हाई."

त्यांनी सही केली नाही. सोपानभाऊ गेटपासून चालत आला. वाकला आणि पडदे मोजायला लागला, मोठ्याने, एक, दोन, तीन. सहा झाले तसा हात पुढे केला. "आन हिकडं, पोरी. मी घेतो. समद्या टायमाला मीच हुतो."

"सोपान, उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

सोपानभाऊने सही केली. एरवी तो नुसतं 'सोपान' लिहायचा. त्या दिवशी बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, गाव लिहिलं. सावकाश, जीभ दातांत धरून. साहेब तोवर उभेच होते.

पुढच्या तारखेला मी सगळी चलनं कोर्टात दिली, अर्ज लिहून. हा रिसीव्हर बदला, असा. मॅडमनी चलनं उलटसुलट बघितली. "हे लाँड्रीचे कागद आहेत," म्हणाल्या. मी म्हणाले, व्हय मॅडम, तारखा बघा. त्यांनी अहवाल शेजारी ठेवला आणि बराच वेळ वाचत राहिल्या. मग रिसीव्हरला खुलासा द्यायला सांगितला. साहेबांच्या वतीने कुणीतरी मुदत मागितली. मुदत मिळाली. त्याच्या पुढच्या तारखेला पुन्हा मुदत. मी अजून नादार आहे.

भिंतीचा कागद पंचायतीत आला. पास झाला. आमच्या वॉर्डाची सही आहे त्यावर. सोपानभाऊची नोकरी गेली ती गेलीच. लोहगडवाडीत सुनेच्या टपरीवर ट्रेकवाल्यांना भजी देतो. परवा भेटला तेव्हा मी म्हणाले, भाऊ, माझ्यापायी झालं. तो म्हणाला, "तुज्यापायी न्हाई. त्याच्यापायी झालं. नाव बरूबर घेत जा." बरोबर बोलला.

म्हणून नाव बरोबर घेते. मला अडवलं ते नशिबाने नाही, 'सिस्टीम'ने नाही, पावसाने नाही. एका माणसाने अडवलं, चहा पीत पीत. कारण त्याला कुणी कधी जाब विचारला नव्हता.

मला आता लवकर सुटायचं नाही. उशीर व्हायचा तो होऊन गेला, निवडणूक गेली, वाट गेली. मला पूर्ण सुटायचंय, आणि सुटेन तेव्हा कुणाचे आभार मानणार नाही. पाच वर्षांनी पुन्हा छाननी होईल. टेबलापुढे मी असेन. वाट भिंतीखाली असली तरी नकाशात आहे, आणि त्या नकाशाच्या नकलेसाठी अर्ज मी कालच दिलाय. खिडकीतल्या बाबूने तो घेतला आणि म्हणाला, या आठ दिवसांनी. मी हलले नाही. म्हणाले, पोच द्या. तो म्हणाला, अहो, विश्वास नाही का? मी म्हणाले, नाही.

चलनबुकात एकेचाळीस पानं कोरी आहेत. आता कोणत्याही ऑफिसात, कोणत्याही बंगल्यात एक कागद जरी दिला तरी पान फाडणार. तारीख घालणार, सही मागणार. समोरच्याने सही नाकारली, तर त्याच्या देखत लिहिणार : सही नाकारली.